अणुकचऱ्याची काच

अणुकचरा काचेत कायमचा अडकवतात, असे सांगितले की पहिला प्रश्न हमखास येतो: काच फुटली तर? घातक द्रव भरलेल्या बरण्या कुठेतरी मांडून ठेवल्या असतील, असे चित्र त्यामागे असते. ते चूक आहे. इथे काच हे भांडे नाहीच. कचरा काचेबरोबर वितळतो आणि तिचाच घटक होतो. निळी बांगडी फुटली तरी तिला रंग देणारा कोबाल्ट बाहेर सांडत नाही, तसेच इथे.

अणुभट्टीत वापरलेल्या इंधनातून युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घेतले, की नायट्रिक आम्लातले एक द्रावण मागे उरते. आकारमानाने ते थोडे, पण इंधनातली बहुतेक किरणोत्सर्गिता त्यातच असते. असा कचरा द्रवरूपात साठवला की काय होते, ते अमेरिकेतल्या हॅनफर्ड या अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम बनवणाऱ्या जुन्या केंद्राने दाखवले आहे. तिथल्या १७७ भूमिगत टाक्यांपैकी कित्येक गळल्या.

मग काचच का? स्फटिकात प्रत्येक अणूची जागा ठरलेली असते, त्यामुळे परक्या आकाराचा अणू तिथे सहसा मावत नाही. काचेतही प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात. पण ही चौकडी पुढच्या चौकडीला कोणत्या कोनात जोडली जाईल, याला नियम नाही. भौतिकशास्त्रज्ञ झकारियासनने १९३२ मध्ये मांडलेली ही वेडीवाकडी जाळी लहानमोठ्या पोकळ्यांनी भरलेली असते. बोरॉन जाळीचाच भाग होतो, तर सोडियम, सीझियम, स्ट्रॉन्शियम पोकळ्यांत बसतात आणि ऑक्सिजनच्या ऋणभाराने धरून ठेवले जातात. नुसती सिलिका वितळवायला १७०० अंश सेल्सिअस लागतात. तेवढ्या उष्णतेत सीझियम वाफ होऊन निसटेल. बोरॉन आणि सोडियममुळे हेच काम हजार अंशांच्या आसपास होते.

सल्फेट मात्र या जाळीत नीट बसत नाही. त्यातल्या गंधकाचे चार ऑक्सिजन स्वतःचे असतात आणि तो ते सिलिकॉनशी वाटून घेत नाही. मुंबईजवळच्या ट्रॉम्बेच्या कचऱ्यात पुनर्प्रक्रियेतल्या, म्हणजे इंधनातून युरेनियम-प्लुटोनियम काढण्यासाठी वापरलेल्या, रसायनांमुळे सल्फेट उतरले होते. नेहमीच्या सोडियम बोरोसिलिकेट काचेत ते थोडेच मुरते. उरलेल्याचा पिवळा क्षार वितळलेल्या काचेपासून वेगळा होतो आणि सीझियमलाही सोबत घेऊन जातो. हा क्षार पाण्यात विरघळतो, म्हणजे सगळा खटाटोप वाया. भाभा अणुसंशोधन केंद्राने बेरियम घालून काचेचे सूत्रच बदलले. बेरियम बोरोसिलिकेट काच बरेच जास्त सल्फेट सामावून घेते. मला हे या क्षेत्रातले सर्वांत देखणे भारतीय काम वाटते, आणि आपल्याकडे त्याबद्दल फारसे बोलले जात नाही.

बोलले जाते ते भलत्याच गोष्टींबद्दल. मोबाइलचा किरणोत्सर्ग कमी करणारी शेणाची चिप २०२० मध्ये वाजतगाजत पुढे आली. शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला. काचेबद्दल असा दावा कोणी करत नाही. ती किरणोत्सर्गिता रतीभरही कमी करत नाही; ते काम काळच करतो. सीझियम-१३७ दर तीस वर्षांनी निम्मे होते. काच फक्त त्या अणूंचा पाण्याबरोबरचा प्रवास रोखते.

पाणी लागले की काचेच्या पृष्ठभागातले सोडियम आणि बोरॉन आधी निघून जातात. मागे राहिलेल्या सिलिकेची जेलसारखी साय तयार होते आणि पुढची झीज कित्येक पटींनी मंदावते. काचेचे तुकडे झाले तर पाण्याला जास्त पृष्ठभाग मिळतो, हे खरे. पण प्रत्येक तुकड्यावर हीच क्रिया होते. बसाल्टच्या नैसर्गिक काचा लाखो वर्षे टिकलेल्या सापडतात, त्यांवरूनही असे अंदाज पडताळता येतात.

वितळलेली काच पोलादी डब्यांत ओततात. आतली उष्णता बरीच वर्षे निघत राहते, म्हणून तारापूरला हे डबे हवेच्या नैसर्गिक प्रवाहाने थंड होणाऱ्या कोठारात ठेवतात. सगळे सीझियम मात्र आता तिथे जात नाही. द्रावणातून ते वेगळे काढून त्याच्याही काचेच्या ‘पेन्सिली’ केल्या जातात. त्यांचे गॅमा किरण रक्तपेढीतल्या रक्तावर सोडले, की दात्याच्या लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी निष्प्रभ होतात आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला ते रक्त देता येते.