शॉवरचं प्रेशर गच्चीवर ठरतं
बाथरूमसाठी नवा शॉवर घ्यायला गेलात की हमखास कानावर पडतं, ‘हा घ्या, प्रेशर वाढवतो.’ मोबाइलवरच्या जाहिरातीही तेच सांगतात. शॉवरमध्ये ना मोटर, ना पंप. मग वाढीव प्रेशर येणार कुठून?

आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत प्रेशर येतं गच्चीवरच्या टाकीतून. टाकीतलं पाणी शॉवरपेक्षा जितकं उंच, तितका दाब. 10 मीटरला साधारण 1 बार (बार हे दाब मोजायचं एकक). आम्ही सर्वांत वरच्या, चौथ्या मजल्यावर राहतो. टाकीतलं पाणी आमच्या शॉवरच्या जेमतेम 3 मीटर वर, म्हणजे 0.3 बार. तळमजल्याला तेच पाणी 15 मीटरवरून, 1.5 बारने मिळतं. तिथल्या शेजाऱ्यांचा 8 इंची रेन शॉवर, म्हणजे मोठ्या चकतीचा, पुष्कळ छिद्रांचा शॉवर बघून आम्हीही तस्साच आणला. पहिल्या दिवशी कॉक पूर्ण उघडला, तर पाणी चकतीला चिकटून एका कडेने ओघळायला लागलं. शॉवर अगदी चांगला होता.

छिद्र लहान केलं की वेग वाढतो, नळीच्या तोंडावर अंगठा धरून बघा, असं सगळेच सांगतात. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं मला फार आवडतं. सतराव्या शतकात इटलीतल्या तोरिचेल्लीने दाखवलं की टाकीच्या बुडाला छिद्र पाडलं, तर धारेचा वेग पाण्याच्या उंचीवर ठरतो, छिद्राच्या आकारावर नाही. 3 मीटर उंचीला तो सेकंदाला सुमारे 7.7 मीटर येतो, मग छिद्र टाचणीएवढं असो की बोटाएवढं. असं असेल तर अंगठा काय करतो?

तो पाइपातलं घर्षण कमी करतो. टाकीपासून शॉवरपर्यंत पाणी पाइप, एल्बो, कॉक यांतून घासत येतं आणि वाटेतच दाब खर्च होतो. हा खर्च प्रवाहाच्या जवळपास वर्गाच्या प्रमाणात असतो: प्रवाह दुप्पट झाला की खर्च सुमारे चौपट. अंगठा धरला की प्रवाह घटतो, वाटेतला खर्च त्याहून झपाट्याने घटतो आणि वाचलेला दाब तोंडाशी येऊन वेग बनतो. नवा दाब तयार होत नाही, वाया जाणारा वाचतो. म्हणून कितीही दाबलंत तरी 7.7 ओलांडता येत नाही.

आता हिशेब करू. मिनिटाला 6 लिटर, म्हणजे सेकंदाला 100 घनसेंटिमीटर पाणी येतंय असं धरा. 1 मिलिमीटर व्यासाची 40 छिद्रं असतील, तर त्यांचं एकूण क्षेत्रफळ 0.31 चौरस सेंटिमीटर आणि वेग सेकंदाला 3.2 मीटर. तीच छिद्रं 120 असतील तर वेग एक मीटरच्या आसपास. छिद्रं कमी केल्यावर प्रवाह थोडा घटतो, पण धार अंगाला जाणवते. ‘हाय प्रेशर’ शॉवरचं सगळं गुपित एवढंच, आणि ते 300-400 रुपयांच्या लहान शॉवरमध्येही असतं.

घेण्याआधी जुना शॉवर काढून मोकळ्या आर्मखाली (भिंतीतून बाहेर येणाऱ्या नळीखाली) 10 लिटरची बादली ठेवा आणि मोबाइलवर वेळ लावा. दीड मिनिटाहून जास्त लागला, तर मोठ्या चकतीच्या नादी लागू नका. खोक्यावर किमान दाब लिहिलेला असेल तर तो बघा. 1 बार लिहिलं असेल तर वरच्या मजल्यावर तो शॉवर नकोच. आटे बहुधा अर्ध्या इंचाचे असतात, त्यामुळे टेफ्लॉन टेप गुंडाळून आपला आपल्याला बसवता येतो.

रंगीत खडे भरलेल्या ‘आयन’ शॉवरवर मात्र पैसे घालवू नका. पाणी जड होतं ते विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे, आणि क्षणभर खड्यांना घासून गेल्याने ते हलकं होत नाही. बोअरच्या पाण्याने छिद्रांवर पांढरा थर धरतोच. त्यासाठी रबरी टोकांचा शॉवर घ्या, बोटाने चोळलं की थर सुटतो. नाहीतर व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवा. थरातून बारीक बुडबुडे निघतात, तो कार्बन डायऑक्साइड. थर धरलेल्या शॉवरची दोन-चार छिद्रं तिरकी आणि भलत्याच जोरात मारतात, तेही याच कारणाने. बाकीची बुजल्यामुळे पाइपात वाचलेला दाब त्यांच्या वाट्याला आलेला असतो.