दुधारी ब्लेड परत का आलं : पार्श्वभूमी

पाच पात्यांचं कार्ट्रिज, म्हणजे पाती कायमची बसवलेलं प्लास्टिकचं डोकं, बाजूला ठेवून एका दुधारी ब्लेडच्या धातूच्या रेझरकडे, ब्रश आणि साबणाकडे वळणाऱ्यांची संख्या गेल्या वीस वर्षांत अमेरिका-युरोपात वाढली, आणि आता आपल्याकडेही वाढते आहे. का वळलात असं विचारलं की तीन कारणं पुढे येतात: कार्ट्रिजची किंमत, मानेवर उठणारे फोड आणि कचऱ्यात जाणारं प्लास्टिक. तिन्ही कारणं खरी आहेत. तिन्हींचं मूळ १९७१ साली घेतलेल्या एका निर्णयात आहे आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं. म्हणून त्याच्या मागचा-पुढचा इतिहास इथे मांडतो आहे.

वस्तऱ्याचा काळ सोडून देतो. न्हाव्याच्या हातातला वस्तरा आणि धार लावायचा चामड्याचा पट्टा सगळ्यांना ठाऊक आहे. घरच्या घरी, कापून न घेता दाढी करता यावी म्हणून न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १८८० साली धारेपुढे आडोसा असलेल्या रेझरचं पेटंट घेतलं गेलं. पण त्याचं पातं जाड होतं आणि त्याला पुन्हा पुन्हा धार लावावी लागे. धार गेली की टाकून द्यायचं पातळ दुधारी ब्लेड बॉस्टनच्या जिलेट या कंपनीने १९०३ मध्ये विक्रीला काढलं, आणि १९०४ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले. युद्धावरून परतलेले हे लाखो पुरुष पुढे घरीच दाढी करू लागले.

व्यवसायाच्या वर्गांत एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, की रेझर फुकटाच्या भावात द्यायचा आणि ब्लेडवर कमवायचं ही युक्ती या कंपनीने पहिल्या दिवसापासून वापरली. तसं झालेलं नाही. पेटंट हातात होतं तोवर तिचा रेझर पाच डॉलरला होता, म्हणजे तेव्हाच्या कारखान्यातल्या कामगाराच्या आठवड्याच्या पगाराचा साधारण तिसरा हिस्सा. १९२१ मध्ये मूळ पेटंटची मुदत संपली, कोणालाही तसा रेझर आणि तसं ब्लेड बनवायची मोकळीक मिळाली, आणि मग किंमत उतरली. तेव्हापासून दुधारी ब्लेडच्या आकारावर कोणा एकाची मालकी राहिली नाही. म्हणून आज भारतात बनलेलं ब्लेड जर्मनीत सोलिंगेनला बनलेल्या रेझरमध्ये बसतं आणि कोणाच्या तरी आजोबांच्या कपाटात सापडलेल्या १९५० सालच्या अमेरिकी रेझरमध्येही बसतं.

ग्राहकाच्या दृष्टीने ही फार चांगली व्यवस्था होती. कंपनीच्या दृष्टीने ती धोक्याची होती, आणि हे १९६२ मध्ये दिसलं. तलवारी बनवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या एका ब्रिटिश कंपनीने न गंजणाऱ्या पोलादाचं, धारेवर खास लेप दिलेलं ब्लेड अमेरिकेत आणलं. कार्बन पोलादाच्या जुन्या ब्लेडच्या कितीतरी पट दाढ्या त्यात होत. दुकानांतला माल आला तसा संपू लागला. बॉस्टनच्या कंपनीला स्वतःचं स्टेनलेस ब्लेड आणायला १९६३ उजाडलं आणि तोवर बाजारातला मोठा हिस्सा हातचा गेला होता. ग्राहकाच्या हातात त्याच कंपनीचा रेझर होता, तरी दुसऱ्याचं ब्लेड त्यात बसवायला त्याला कोणी अडवू शकत नव्हतं.

इथून १९७१ कडे यायचं.

या कंपनीची एक प्रयोगशाळा इंग्लंडमध्ये रीडिंगला होती. तिथे १९६४ च्या सुमारास दोन पाती एकामागे एक ठेवून प्रयोग चालले होते, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पातं केस कापताना त्याला थोडा बाहेर ओढतं आणि कापल्यावर केस लगेच आत जात नाही, सावकाश जातो. तो आत जाण्याआधी मागचं पातं पोहोचलं तर तोच केस आणखी खालून कापला जातो. हे निरीक्षण खरं होतं. त्यावर आधारलेला ट्रॅक टू हा रेझर १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये, अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सर्वात मोठ्या स्पर्धेच्या वेळी जाहिरातींचा मारा करून बाजारात आणला गेला. पहिलं पातं केस ओढतं, दुसरं कापतं, हे दाखवणारं जाहिरातीतलं चित्र आजही बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतं.

त्या एका उत्पादनात तीन वेगवेगळे निर्णय एकत्र आले होते. एक, पाती दोन. दुसरा, ती पाती प्लास्टिकच्या घरात कायमची पक्की. तिसरा, ते घर ज्या दांड्यावर चढतं त्या जोडाचं पेटंट. गुळगुळीत दाढीचा संबंध फक्त पहिल्या निर्णयाशी आहे. इतर दोन निर्णयांनी १९२१ पासून सुटलेली मक्तेदारी परत आणली. कार्ट्रिज आणि दोन पाती या गोष्टी एकमेकींवाचून राहू शकत नव्हत्या असंही नाही, कारण एकच पातं प्लास्टिकमध्ये बसवलेलं कार्ट्रिज त्याच ब्रिटिश स्पर्धकाने १९७० मध्ये काढलं होतं. माझ्या मते १९७१ चा खरा निर्णय हा पाती बंदिस्त करण्याचा होता, आणि पात्यांची संख्या हे लोकांना दाखवायचं कारण होतं. कंपनीच्या बाजूने सांगण्यासारखंही आहे. कार्ट्रिजमध्ये पात्याचा कोन ठरलेला असतो, त्यामुळे कापण्याचं भय कमी होतं. १९७७ मध्ये मान वळणारं कार्ट्रिज आल्यावर ते आणखी कमी झालं. थरथरत्या हाताने दाढी करणाऱ्या वृद्धासाठी किंवा रोज डोकं तासणाऱ्यासाठी ही सोय मोठी आहे, आणि ती कमी लेखता कामा नये.

त्वचेचा वाद याच निरीक्षणातून निघतो. केस त्वचेच्या पातळीच्या खालून कापला गेला की दाढी जास्त गुळगुळीत लागते. पण तोच केस कुरळा असेल तर वाढताना बाहेरची वाट न धरता आतच वळतो, त्वचेत घुसतो, आणि तिथे लाल, दुखरा फोड येतो. कुरळ्या दाढीच्या काळ्या पुरुषांमध्ये हा त्रास फार मोठ्या प्रमाणावर होतो, आणि अमेरिकी सैन्यात तो कित्येक दशकं शिस्तीचाही प्रश्न होऊन बसला: रोज गुळगुळीत दाढीचा नियम एका बाजूला, दाढी न करण्याची डॉक्टरांची चिठ्ठी दुसऱ्या बाजूला. आपल्याकडे सरसकट तसं होत नसलं तरी मानेवर, जिथे केस आडवे किंवा भोवऱ्यासारखे वाढतात, तिथे हेच घडतं. गळ्यापाशी शर्टाची कॉलर घासते त्या जागचे फोड अनेकांना घामाचे वाटतात.

त्वचारोगतज्ज्ञ अशा माणसाला बहुधा एका किंवा दोन पात्यांचा रेझर वापरायला, केसांच्या दिशेने हात चालवायला आणि फार घोटून दाढी न करायला सांगतात. उलट, कंपनीच्या पैशाने झालेल्या चाचण्यांत नीट तयारी करून वापरलेल्या बहुपाती रेझरने हा त्रास वाढत नसल्याचं म्हटलं आहे. दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात, कारण त्रास किती होईल हे केसाच्या वळणावर, दाबावर आणि त्वचा किती भिजवली यावर ठरतं. तरी इतकं म्हणता येईल: दाढी जास्त गुळगुळीत करणारी जी क्रिया जाहिरातीत दाखवली गेली, तीच क्रिया काहींच्या बाबतीत फोड आणते. रेझर बदलल्यावर मान निवळल्याचं सांगणारे लोक भ्रमात आहेत असं समजायचं कारण नाही. मात्र नुसतं ब्लेड बदलून भागत नाही; एका ब्लेडनेही उलट दिशेने तीनतीनदा घोटलं तर फोड येतातच.

पुढचा इतिहास संख्येचा आहे. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या एका विनोदी कार्यक्रमाने तीन पात्यांच्या रेझरची खोटी जाहिरात करून लोकांना हसवलं. १९९८ मध्ये मॅक थ्री खराच बाजारात आला. २००३ मध्ये प्रतिस्पर्ध्याने चार पाती आणली, २००६ मध्ये बॉस्टनकडून पाच पात्यांचा फ्यूजन आला. दरम्यान, २००५ मध्ये ती कंपनी सुमारे ५७ अब्ज डॉलरना विकली गेली होती. दर नव्या रेझरबरोबर कार्ट्रिज महाग होत गेलं, आणि अमेरिकी दुकानांत चोरीच्या भीतीने कार्ट्रिजची पाकिटं कुलपात ठेवायची वेळ आली.

भारताचं वेळापत्रक निराळं आहे, आणि ते समजल्याशिवाय इथल्या परतीचा अर्थ लागत नाही. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं होती. देशी कारखान्यांनी दुधारी ब्लेडचा बाजार व्यापला. टोपाझ, सुपरमॅक्स ही नावं किराणा दुकानाच्या काउंटरवर पाहतच दोन पिढ्या वाढल्या. अमेरिकेत १९५० नंतर डब्यातल्या तयार फेसाने ब्रशला हुसकून लावलं होतं. आपल्याकडे क्रीमची ट्यूब, ब्रश, वाटीतलं पाणी आणि शेवटी तुरटीचा खडा हे सगळं घरोघर चालूच राहिलं. सलूनमध्येही दुधारी ब्लेड रुजलं, आणि त्याचं कारण आरोग्याचं होतं. एड्सच्या धास्तीने प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवं ब्लेड हा आग्रह सुरू झाला. पट्ट्यावर घासायचा वस्तरा मागे पडला आणि मोडलेलं अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा आला. न्हावी कागदासकट ब्लेड मधोमध मोडतो, ते याच बदलानंतर सर्वत्र दिसू लागलं. पाश्चात्त्य देशांत जी गोष्ट शोधून परत आणावी लागली, ती इथल्या लहानातल्या लहान गावात कायम विकत मिळत होती.

कार्ट्रिज आपल्याकडे खऱ्या अर्थाने पसरलं ते २००० नंतर, आणि त्याची सुरुवात फसली. भारतासाठी बनवलेला व्हेक्टर हा रेझर आधी बॉस्टनमध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांच्या हातात देऊन पाहिला गेला. त्यांना तो आवडला. इथे २००२ मध्ये आला तेव्हा लोकांनी तो बाजूला टाकला, कारण त्यांच्याकडे वाहता नळ नव्हता. मगभर पाण्यात बुडवून पात्यांमधले केस निघत नव्हते. मग कंपनीची माणसं इथल्या घरांत येऊन, जमिनीवर बसून, अंधुक उजेडात, हातात आरसा धरून होणारी दाढी बघून गेली. त्यातून २०१० मध्ये गार्ड निघाला, रेझर १५ रुपये आणि कार्ट्रिज ५ रुपये. त्यात पातं एकच होतं. ज्या कंपनीने चाळीस वर्षं पात्यांची संख्या वाढवण्याचं समर्थन केलं, तिनेच भारतातल्या कोट्यवधी पुरुषांसाठी एक पातं पुरेसं ठरवलं. दांडा आणि कार्ट्रिज यांचा बंदिस्त जोड मात्र तसाच ठेवला. १९७१ च्या निर्णयात कळीचं काय होतं, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला दुसरा दिसत नाही.

परतीची लाट अमेरिकेत साधारण २००५ पासून धरतात. त्या जानेवारीत एका सकाळच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात जुना रेझर, ब्रश आणि साबण यांची शिफारस झाली आणि तोवर हौशी लोकांपुरता असलेला विषय घरोघर गेला. जुने रेझर शोधले जाऊ लागले, सोलिंगेनच्या कारखान्यांना नवे ग्राहक मिळाले, भारतात बनलेले पितळी रेझर निर्यात होऊ लागले. २०१२ नंतर दरमहा टपालाने स्वस्त कार्ट्रिज पाठवणाऱ्या कंपन्या आल्या. त्यांचा भर दुधारी ब्लेडवर नव्हता, पण कार्ट्रिजच्या किमतीला खरा आधार काय, हा प्रश्न सर्वांच्या तोंडी आणला. बॉस्टनच्या ब्रँडला २०१७ मध्ये अमेरिकेत भाव उतरवावे लागले, आणि २०१९ मध्ये त्याच्या मालक कंपनीने हिशेबात त्याचं मूल्य सुमारे आठ अब्ज डॉलरनी कमी केलं. त्याला लोक दाढी राखू लागले हेही कारण होतंच.

आज आपल्याकडे वळणारा माणूस बहुधा तिशीतला असतो. त्याने दाढीला सुरुवातच कार्ट्रिजने केलेली असते आणि दुधारी रेझर वडिलांच्या हातात पाहिलेला असतो. चांगलं ब्लेड दोन ते पाच रुपयांत मिळतं आणि त्यात चार-पाच दाढ्या होतात. बहुपाती कार्ट्रिज एकेक शंभर-दोनशेच्या घरात जातं. धातूचा रेझर एकदाच घ्यायचा. ब्लेड सगळंच पोलादाचं असल्याने डब्यात साठवून भंगारात देता येतं, तर कार्ट्रिजमधलं प्लास्टिक, रबर आणि पोलाद वेगळं करायला कोणी बसत नाही. शिकायला मात्र वेळ द्यावा लागतो. कार्ट्रिज दाबून चालवायची सवय हाताला लागलेली असते. इथे रेझरचं वजनच पुरतं, वरून दाबलं की कापतं. ब्लेड गालाशी साधारण तीस अंशांचा कोन करेल असा दांडा धरायचा, आधी केसांच्या दिशेने सुलटा हात, पुन्हा फेस लावून आडवा, आणि मान तक्रार करत नसेल तरच उलटा. गरम पाण्याने दोन मिनिटं भिजवणं आणि ब्रशने फेस घोळवणं हे चैनीचं काम नाही. भिजलेला केस मऊ होतो आणि ब्लेडला ओढाताण करावी लागत नाही. पहिल्या आठवड्यात तुरटी लावली की चुणचुणते आणि चूक नेमकी कुठे झाली ते दाखवते.

ज्या कंपनीने १९७१ मध्ये दुधारी ब्लेडला मागे सारलं, तिने २०२० मध्ये आपल्या संस्थापकाच्या नावाने नवी मालिका काढली आणि त्यात धातूचा दुधारी रेझर ठेवला. त्यात कोणत्याही कंपनीचं ब्लेड बसतं.