डायटोमाइट बागेत कसं आलं

डायटम हे एकपेशीय शैवाल पाण्यातली सिलिका घेऊन स्वतःभोवती नक्षीदार, सच्छिद्र कवच बांधतं. शैवाल मेलं की कवच तळाशी बसतं. लाखो वर्षं असे थर साचत गेले की पांढरट, हलका, बोटांनी चुरगळता येणारा खडक तयार होतो. तोच डायटोमाइट.

उत्तर जर्मनीतल्या ल्युनेबुर्ग भागात 1836-37च्या सुमारास विहीर खोदताना त्याचा साठा लागला, तेव्हा बागेचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. त्याला नाव मिळवून दिलं ते आल्फ्रेड नोबेलने. जरा धक्का बसला तरी स्फोट होणारं नायट्रोग्लिसरीन त्याने या खडकाच्या भुकटीत जिरवलं आणि 1867मध्ये डायनामाइटचं पेटंट घेतलं.

कीडनाशक म्हणून अमेरिकेत त्याची पहिली नोंदणी झाली 1960मध्ये. भुकटीच्या धारदार कडांनी किडा चिरला जातो, असं आजही सर्रास सांगतात. कॅलिफोर्निया विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ वॉल्टर एबलिंग यांनी याच सुमारास मुख्य कारण दाखवून दिलं. किड्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, तो भुकटी शोषून घेते. मग अंगातलं पाणी टिकत नाही आणि किडा सुकून मरतो. ओरखडे पडतात, पण ते दुय्यम. म्हणूनच भिजलेली भुकटी काम करत नाही, आणि फुलांवर पडलेली भुकटी मधमाशीलाही सोडत नाही.

कुंडीतला डायटोमाइट वेगळ्याच वाटेने आला. डेन्मार्कच्या मोर्स आणि फुर बेटांवर चिकणमाती मिसळलेला डायटोमाइट मिळतो, त्याला तिथे मोलर म्हणतात. भट्टीत भाजलेले त्याचे दाणे सांडलेलं तेल टिपायला आणि मांजरांच्या शौचपेटीत वापरले जात. ब्रिटनमधल्या बोन्सायवाल्यांनी मांजरांसाठीची हीच पिशवी घेऊन झाडं लावली! दाणे पाणी धरतात, तरी त्यांचा चिखल होत नाही, मधल्या फटींतून मुळांना हवा मिळते. पोषण मात्र जवळपास शून्य, खत वरून द्यावंच लागतं.

एकच पदार्थ म्हणून दोन्ही गुण एकत्र विकले जातात, हे मला पटत नाही. कुंडीतले दाणे ओलेच असायला हवेत, आणि ओल्यात कीड मरत नाही. जलतरण तलावाच्या गाळणीसाठीची भाजलेली पूड तर बागेत नकोच. तीव्र उष्णतेने तिच्यात स्फटिकी सिलिका तयार होते, आणि श्वासातून जाणारी अशी धूळ 1997पासून कर्करोगकारक मानली जाते. न भाजलेली पूड उधळतानाही नाकातोंडावर मास्क हवाच.