सपाट काच की घुमट: पाण्याखालच्या कॅमेऱ्याच्या निवडीमागचा इतिहास

पाण्याखाली छायाचित्रं काढायची म्हटलं की पहिला प्रश्न बॉडीचा येतो: कोणत्या कंपनीची, किती मेगापिक्सेलची? खरं तर बॉडी सगळ्यात शेवटी ठरवावी. आधी काय टिपायचं, मग त्यासाठी लेन्स कोणती, त्या लेन्सपुढची काच, म्हणजे पोर्ट, कोणता आणि तो पोर्ट कोणत्या हाउसिंगला, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीला, बसतो, हा खरा क्रम. दीडशेहून जास्त वर्षं कॅमेरे पाण्यात उतरवताना जिथे जिथे गाडी अडली, तिथून तो आला आहे.

पहिली अडचण पाणी बाहेर ठेवण्याची. १८५६ मध्ये विल्यम थॉम्पसन यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वेमथजवळ एका पेटीत कॅमेरा घालून तो होडीतून खाली सोडला आणि दहा मिनिटं प्लेट उघडी ठेवली. पेटीत पाणी शिरलं, तरी धूसर का होईना, प्रतिमा उमटली. दुसरी अडचण उजेडाची. फ्रान्समधल्या बान्यूल्सच्या सागरी प्रयोगशाळेतले जीवशास्त्रज्ञ लुई बुताँ १८९३ पासून पाणबुड्याचा पोशाख घालून कॅमेऱ्यासह खाली उतरू लागले. नुसत्या सूर्यप्रकाशात एका चित्राला अर्धा तासही लागे. म्हणून त्यांनी हवा भरलेल्या पिंपावर काचेच्या घंटेत स्पिरिटचा दिवा ठेवला आणि रबरी फुग्याने मॅग्नेशियमची पूड त्याच्या ज्योतीवर उडवायची सोय केली. पुढे फ्लॅशचे बल्ब आले. एका चित्राला एक बल्ब, त्यामुळे पाणबुड्याच्या कमरेला बल्बची जाळी लटकलेली असे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस दिमित्री रेबिकॉफ यांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅश पाण्यात नेला, आणि आजचा स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, त्याच वंशातला.

उजेडाचा प्रश्न मात्र अर्धाच सुटला, कारण पाणी रंग गिळतं. पहिल्या पाच-दहा मीटरमध्येच लाल रंग जवळजवळ नाहीसा होतो. स्ट्रोबचा प्रकाशही विषयापर्यंत जाऊन परत येताना तेवढंच पाणी दोनदा कापतो. त्यामुळे स्वच्छ पाण्यातसुद्धा दीड मीटरपलीकडे रंग उरत नाहीत. उपाय एकच, जवळ जायचं. पण दीड मीटरवरून अख्खा पाणबुडा किंवा प्रवाळाचा खडक चौकटीत मावायचा तर लेन्स फार रुंद लागते. इथे तिसरी अडचण सुरू होते, आणि उपकरणांची निवड आजही तिच्याभोवतीच फिरते.

सपाट काचेतून पाहिलं की पाण्यातली वस्तू तीन चतुर्थांश अंतरावर असल्यासारखी आणि सुमारे एकतृतीयांशाने मोठी दिसते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्याचा हा हिशेब. ३५ मिमीची लेन्स त्यामुळे ४६ मिमीसारखी वागते. लेन्स कितीही रुंद लावली तरी सपाट काचेतून ९७ अंशांपलीकडचं काही आत येतच नाही, आणि त्याच्या बरंच अलीकडे कडा ताणल्या जातात, रंगांच्या किनारी फुटतात. अगदी जवळून बारीक विषय टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सला मात्र हा दोष बाधत नाही, उलट थोडं जास्त मोठं चित्र मिळतं. म्हणून ६० किंवा १०० मिमीच्या मॅक्रोपुढे सपाट पोर्टच लावावा.

या अडचणीवर दोन वेगळे मार्ग निघाले. पहिला, लेन्सच पाण्यासाठी घडवायची. बेल्जियन अभियंते जाँ द वूटेर्स यांनी फ्रेंच समुद्रसंशोधक जॅक कूस्तो यांच्यासाठी कालिप्सो हा कॅमेरा तयार केला होता. त्याला वेगळी पेटी नव्हती, बॉडीच जलरोधक होती. ती रचना निकॉनने घेतली आणि १९६३ मध्ये निकोनोस बाजारात आला. त्याची १५ मिमीची लेन्स थेट पाण्याला भिडूनच काम करायची, पाण्यात तब्बल ९४ अंशांचं दृश्य कडेपर्यंत धारदार द्यायची, आणि जमिनीवर ती निरुपयोगी होती. त्रुटी होती ती फोकसची. लेन्समधून बघता येत नसे, अंतर अंदाजाने लावावं लागे. मॅक्रोसाठी लेन्स पुढे सरकवणाऱ्या एक्स्टेन्शन ट्यूबपुढे तारेची चौकट असे आणि विषय त्या चौकटीत आणावा लागे. गोगलगाय बसून राही, मासा चौकट पाहताच पळे. १९९२ मध्ये ऑटोफोकस असलेला आणि लेन्समधूनच बघता येणारा (एसएलआर) निकोनोस आरएस आला, पण डिजिटल युगात ही मालिका पुढे गेली नाही. त्याची १३ मिमीची फिशआय, म्हणजे रेषा वाकवून अतिरुंद दृश्य देणारी लेन्स, मात्र आजही लोक शोधून, अडॅप्टर करून मिररलेस बॉडीवर वापरतात. पाण्यासाठी घडवलेल्या काचेची किंमत यावरून कळावी.

दुसरा मार्ग डोम पोर्टचा, म्हणजे घुमटाचा. किरण घुमटाला काटकोनात भेटतात, म्हणून ते वळत नाहीत आणि लेन्सची मूळ रुंदी टिकते. पण डोम पाण्यात स्वतःच एक भिंग बनतो. अनंत अंतरावरचं दृश्य तो आपल्या त्रिज्येच्या साधारण तिप्पट अंतरावर, काचेच्या अगदी पुढ्यात, वक्र आभासी प्रतिमेच्या रूपात मांडतो. ११ सेंमी त्रिज्येच्या मोठ्या डोमला ही प्रतिमा ३३ सेंमीवर पडते, ५ सेंमीच्या छोट्या डोमला १५ सेंमीवर. लेन्स तेवढ्या जवळ फोकस होत नसेल तर पाण्यात काहीच स्पष्ट येत नाही, आणि लेन्स नादुरुस्त आहे अशी समजूत होते. शिवाय प्रतिमा वक्र आणि सेन्सर सपाट, म्हणून १६-३५ मिमीसारख्या, रेषा सरळ ठेवणाऱ्या रुंद झूमचे कोपरे धुरकटतात. त्यावर इलाज म्हणजे आठ-नऊ इंची डोम आणि लेन्सचं छिद्र लहान, एफ/११ ते एफ/१६. फिशआयची गोष्ट वेगळी. ती अगदी जवळ फोकस होते आणि वक्र प्रतिमेशी तिचं जुळतं, म्हणून छोट्या डोममागेही ती एफ/८ ला समाधानकारक चित्र देते. डोमचं केंद्र लेन्सच्या प्रवेशबिंदूवर, म्हणजे किरण आत शिरतात असं भासतं तिथे, यावं यासाठी मधे ठरावीक लांबीची एक्स्टेन्शन रिंग लागते. ती चुकली की कोपरे बिघडतात किंवा डोमची कड चित्रात शिरते. ही लांबी हाउसिंग कंपनीच्या पोर्ट तक्त्यातूनच घ्यावी, अंदाजाने नाही.

गेल्या काही वर्षांत हे दोन मार्ग पुन्हा जवळ आले. १९५० च्या दशकात आलेला इव्हानॉफ करेक्टर, म्हणजे पाण्याचा दोष सुधारणारी पुढची भिंगं, याच विचाराची आजची रूपं आता मिळतात. साध्या २८ मिमीच्या लेन्सपुढे ती १३० अंशांचं दृश्य देतात आणि कोपरेही धरून ठेवतात. फक्त ती जड आणि महाग असतात.

हाउसिंग एकाच मॉडेलसाठी कोरलेलं असतं. बॉडी बदलली की ते जातं, पण पोर्ट, स्ट्रोब आणि स्ट्रोब धरणारे जोडदांडे टिकतात, म्हणून पैसा आधी त्यांत घालावा. पॉलिकार्बोनेटचं हाउसिंग स्वस्त, पारदर्शक असेल तर आत आलेला थेंब लगेच दिसतो. पण त्यातून उष्णता लवकर बाहेर पडत नाही आणि थंड पाण्यात पोर्टवर धुकं धरतं. कोकणाच्या दमट हवेत ते एसी खोलीत बंद करावं आणि आत सिलिका जेल ठेवावं. अॅल्युमिनियम हा त्रास कमी देतं.

पाणी शिरतं ते बहुतेकदा पहिल्या एक-दोन मीटरमध्ये. खोलवर दाबानेच ओ-रिंग, म्हणजे सांधा बंद करणारी लवचीक कडी, घट्ट बसते, वर ती सैल असते. रिंग काढताना पिन नको, प्लॅस्टिकचं कार्ड घ्यावं. बोटाच्या चिमटीतून ती हळूहळू फिरवली की केस किंवा वाळूचा कण डोळ्याआधी बोटाला लागतो. खाच तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसावी. ग्रीस इतकंच की रिंग नुसती चकाकावी, कारण ग्रीस पाणी अडवत नाही, आणि जास्त झालं तर वाळू धरतं. सिलिकॉनच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं तर ती फुगते, म्हणून ग्रीस हाउसिंग कंपनीचंच घ्यावं. नंतर पंपाने आतली हवा ओढून निर्वात चाचणी घ्यावी आणि अर्धा-एक तास दाब स्थिर राहतो का ते पाहावं.

मालवण-तारकर्लीच्या पाण्यात अनेकदा काही मीटरपुढचं धूसर होतं. जितकं दिसतं त्याच्या एकपंचमांश अंतरातून टिपावं हा पाणबुड्यांचा जुना हिशेब. पाच मीटर दिसत असेल तर एक मीटर. तिथे मोठा डोम आणि सरळ रेषांची झूम वाया जाते. छोट्या डोममागची फिशआय किंवा ६० मिमीची मॅक्रो घ्यावी. १०० मिमीच्या लेन्सने विषयापासून लांब राहावं लागतं आणि मधलं गढूळ पाणी चित्रात येतं. स्ट्रोब डोमच्या कडेपेक्षा थोडे मागे घ्यावेत आणि बाहेरच्या बाजूला वळवावेत. झोताची फक्त आतली कड विषयावर पडली की मधला गाळ उजळत नाही.