शाळेच्या खर्चावर बोलायला नागरिकत्व लागत नाही

‘कॅलिफोर्नियात शाळांचा पैसा बोर्डच ठरवतं, व्हिसावरच्या पालकांना बोलायचा हक्क नाही,’ असं मराठी ग्रुपवर फिरत असतं. स्कूल बोर्ड निवडायच्या मतदानाला बहुतेक ठिकाणी नागरिकत्व लागतं, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. बोलायला मात्र ती अट नाही. २०१३ च्या कायद्याने प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला) उद्दिष्टं आणि खर्चाचा तीन वर्षांचा आराखडा, म्हणजे ‘एलकॅप’ (LCAP), करावा लागतो आणि तो दरवर्षी सुधारून १ जुलैपर्यंत मंजूर करावा लागतो. आधी जाहीर सुनावणी, मंजुरी नंतरच्या वेगळ्या बैठकीत. पालक समितीच्या अभिप्रायाला सुपरिंटेंडंटने (डिस्ट्रिक्टच्या प्रमुख अधिकाऱ्याने) लेखी उत्तर द्यायचं असतं. खरी ताकद इथेच आहे.

खात्री करायची तर डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर ‘एलकॅप’ शोधा. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठीचा जादा निधी कशावर खर्च होणार, तेही त्यात दिसेल. नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते. सुनावणी बहुधा जूनमध्ये असते.