संक्रांत जागची हलते
संक्रांत 14 जानेवारीलाच येते आणि पूर्वजांनी वर्ष कधीच चुकू दिले नाही, असे कोल्हापुरात तिळगूळ वाटताना हमखास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. चांद्रवर्षातील सुमारे 11 दिवसांची तूट अधिक मासाने भरून निघते, हे कौतुकाचेच. मात्र सूर्यसिद्धान्त या प्राचीन ज्योतिषग्रंथाचे वर्ष 365.2588 दिवसांचे, तर ऋतूंचे 365.2422 दिवसांचे असल्याने दरवर्षी सुमारे 24 मिनिटे साचत जातात, आणि म्हणूनच 1863 साली 12 जानेवारीला आलेली संक्रांत आता 14 किंवा 15 तारखेला येते. अंबाबाईचा किरणोत्सव मात्र सरकत नाही: मावळतीची किरणे 9 नोव्हेंबर आणि 31 जानेवारीच्या सुमारास, म्हणजे 21 डिसेंबरच्या अलीकडे-पलीकडे जवळपास सारख्याच अंतरावर, महाद्वारातून गाभाऱ्यात शिरतात. खरे उत्तरायण त्या 21 डिसेंबरच्या सुमारासच सुरू झालेले असते.