‘स्पॅनिश’ फ्लू स्पेनचा नव्हताच

१९१८ च्या साथीचं नाव निघालं की कुणीतरी हमखास सांगतं, ‘ती स्पेनमधून आली, म्हणून स्पॅनिश फ्लू.’ शंभर वर्षं हे चालू आहे, आणि ते चूक आहे.

महायुद्ध सुरू होतं. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी सगळीकडे बातम्यांवर सेन्सॉरची कात्री. छावण्यांमध्ये सैनिक तापाने फणफणलेत हे छापणं म्हणजे शत्रूला आयती खबर देणं. स्पेन मात्र तटस्थ. मे १९१८ मध्ये माद्रिदची वर्तमानपत्रं या तापाबद्दल उघडपणे लिहू लागली; खुद्द राजा तेरावा आल्फोन्सो आजारी पडल्यावर तर काय, बातमी जगभर गेली. लंडनच्या पत्रांना दुसऱ्याच्या घरातला आजार छापायला काहीच अडचण नव्हती. ‘स्पॅनिश’ हे साधं विशेषण तेव्हा जे चिकटलं ते चिकटलंच. खरं बोलणाऱ्याच्याच माथी खापर!

वास्तविक मार्चमध्येच अमेरिकेत कॅन्ससच्या फन्स्टन छावणीत शेकडो सैनिकांनी अंथरूण धरलं होतं. मूळ तिथलं, फ्रान्समधलं की चीनमधलं, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. स्पेनचे लोक तर तिला ‘नेपल्सचा शिपाई’ म्हणत. त्या वेळी गाजत असलेल्या एका संगीत नाटकातल्या गाण्यावरून.

मुंबईत ती जूनमध्ये पोहोचली. सुरुवातीच्या रुग्णांत पोलिस शिपाई होते, त्यातला एक गोदीवर पहाऱ्याला. अख्ख्या भारतात बळी गेले एक कोटीहून जास्त.